पुढच्या चाकाची चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. डब्याची नव्हे, यंत्राची नव्हे, सायकलचं चाक झाकणारी. पुढच्या चाकाची, उजव्या अंगाची. आता माझे दोन तुकडे झालेत, कडा झिजल्यात, पण बोलण्यापुरता जीव आहे. आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपण किती धीराचे होतो तेच सांगतो. मला ते जमायचं नाही. मी मूळचीच भित्री. वाऱ्याला भ्यायचे, हॉर्नला भ्यायचे, कात्रीचं तर नुसतं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा. माझं अख्खं आयुष्य भिण्यातच गेलं म्हणा ना. पण त्या भिण्यातली एक गोष्ट तुमच्या कानावर घालायलाच हवी, म्हणून हा खटाटोप.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका छपाईच्या दुकानात झाला. तेव्हा मी चकती नव्हते, सनबोर्ड होते. सनबोर्ड म्हणजे फोमची पांढरी, हलकी, पातळ फळी. तिच्यावर छापील चित्र चिकटवतात. माझ्यावर उदयसिंह दादांचं चित्र होतं. दादा म्हणजे कळंब्याकडचे होतकरू पुढारी. त्यांचा वाढदिवस होता. डोळ्यांवर काळा चष्मा, पिळदार मिशी, हात जोडलेले, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे इतके चेहरे दाटीवाटीनं छापलेले की माझा जीव गुदमरायचा. चौकातल्या खांबावर मला उंच बांधलं. अगं बाई, काय ती उंची! खालून ट्रक जायचे, वर कावळे बसायचे, आणि वारा सुटला की खांबासकट मी लटलट कापायचे. दादांचं चित्र मात्र हसतच असायचं. त्यांचं काय जातंय!

वाढदिवस सरला, लगोलग दुसऱ्या कुणाचा आला, आणि मला उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं. असे उतरलेले बोर्ड आमच्याकडे वाया जात नाहीत. कुणी कडब्याच्या गंजीवर टाकतं, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतं. मला आणि माझ्यासारख्या आणखी दोन-चार बोर्डांना पिराजी आबांनी उचललं. आबांचा म्हशींचा गोठा कळंबा तलावाच्या अंगाला. आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर तलावापलीकडचा माणूस ओ देईल. त्यांनी आम्हाला काखेत मारलं तेव्हा माझी खात्रीच झाली, आता म्हशीच्या पायाखाली जायचं.

पण आबांच्या मनात निराळंच होतं. त्यांची लेक स्नेहल कॉलेजात शिकायची आणि सायकल शर्यतीत उतरायची. थोड्याच दिवसांत जिल्ह्याची निवड होती. या शर्यतीत सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. एकेकीला सोडतात, आणि जी कमी वेळात जाऊन परत येते ती पुढं. पहिल्या दोघी राज्याच्या शिबिराला जाणार होत्या. स्नेहलनं मोबाइलवर पाहिलं होतं की मोठे शर्यतवाले मागचं चाक भरीव लावतात. उघड्या चाकाचे स्पोक वारा घुसळतात आणि चाकाची ताकद त्यातच जाते. चाक झाकलं की वारा अंगावरून सरकून जातो. तसलं विकतचं चाक आपल्या आवाक्यातलं नाही हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. जेवताना सहज बोलून गेली, एवढंच.

"चाक झाकायचं, एवढंच न्हवं?" आबा म्हणाले. "आगं, गोठा झाकतोय, गंजी झाकतोय, चाकाला काय धाड भरलीया?"

धार काढून झाली की आबा ओट्यावर बसायचे. फळीच्या मध्ये खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला पेन्सिल. असा गोल काढायचा आणि कटर फिरवायचं. मी भिंतीला टेकून आपली पाळी यायची वाट बघत होते. ते कर्रकर्र कापणं ऐकून माझी पाचावर धारण बसली होती. पहिला गोल चुकलाच. आबांनी टायरसकट माप घेतलं होतं, तो ब्रेकच्या रबरांना घासायला लागला. तो गेला कोंबड्यांच्या खुराड्यावर. मग रिमच्या आतल्या कडेनं माप घेतलं आणि मागच्या चाकाच्या दोन चकत्या नीट जमल्या. मधल्या तुंब्यासाठी, म्हणजे हबसाठी, भोक, हवा भरायच्या नळीसाठी एक बारकी खिडकी. कडेपासून मध्यापर्यंत एक सरळ चीर द्यायची, चिरेच्या कडा एकीवर एक चढवायच्या आणि वरून चिकटपट्टी मारायची. त्यानं फळी सपाट न राहता परातीसारखी जरा खोलगट होते, कारण चाक मध्ये फुगीर असतं. शेवटी प्लॅस्टिकच्या टाय-पट्ट्या स्पोकांतून ओवून गच्च आवळायच्या. एवढं करताना आबांची बोटं कापली. त्यांनी हळद दाबली आणि परत बसले.

मागचं चाक झालं. स्नेहल हरखली. तिला तेवढंच हवं होतं. मीही म्हटलं, सुटले बाई! पण आबांनी पुढच्या चाकाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आन ह्याचं काय?"

"पुढच्याला लावत न्हाईत, आबा."

"का?"

"आडवा वारा आला की हँडल वढतंय म्हणं."

"खुळी का काय? बेंदराला एका बैलावर झूल घालायची आन दुसरा उघडा मिरवायचा? आसं आपल्यात कुणी केलंय? जोडी म्हंजे जोडी!"

बेंदूर हा आमच्याकडचा बैलांचा सण. शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात, आणि जे एका बैलाला ते दुसऱ्यालाही. एकाला जास्त, एकाला कमी केलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. आबांकडे आता बैल नाहीत, नांगरट ट्रॅक्टरनं होते. पण मनानं ते अजून जोडीचेच मालक. स्नेहलनं बोलायला तोंड उघडलं. मग तिचं लक्ष आबांच्या हळद लावलेल्या बोटांकडे गेलं, आणि तिनं तोंड मिटलं.

मित्रांनो, मी ते पाहिलं. त्याआधीची माझी सगळी भीती पोरकट होती. खरी भीती इथं सुरू झाली. मागच्या चाकावर माणसाचा भार असतो, ते जागचं हलत नाही. पुढचं चाक हँडलबरोबर वळतं. माझ्यावर आडवा वारा आदळला की मी चाकाला ढकलणार, चाक हँडलला ओढणार, आणि स्नेहल जाणार रस्त्याच्या मधोमध. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं हो. पण मी तिथं नुसती असले तरी पुरे होतं.

मग माझी पाळी आली. कटर कसं लागतं ते सांगत नाही, तुम्ही घाबराल. माझ्या वाट्याला दादांचा चष्म्याचा एक डोळा, अर्धी मिशी आणि 'हार्दिक' एवढी अक्षरं आली. आबांनी मला छापील बाजू आत करून बसवलं. दुसऱ्याच दिवशी स्वतः उदयसिंह दादा सायकल बघायला आले.

"काका, माजं थोबाड आत घातलंय व्हय?" दादांनी विचारलं.

"मग? रस्त्यावर चिखुल उडतोय, शेण उडतंय. तुमच्या तोंडावर उडवू काय, दादा?"

दादा खूश झाले. मला मात्र त्या मानापायी रस्ताच दिसेनासा झाला. माझ्यासमोर नुसते स्पोक. बाहेरचं सगळं ऐकूनच ओळखायचं. तुम्हीच सांगा, डोळे बांधून कुणी तुम्हाला हमरस्त्यावर पळवलं तर तुमचं काय होईल? आबांनी दोन्ही चाकांना कुंकू लावलं आणि त्यांना नावही ठेवलं, झूल.

सुरुवातीला गल्लीबोळात आणि वस्तीतल्या रस्त्यांवर सगळं झकास चाललं. दोन्ही बाजूंना घरं, वारा कुठून येणार? सायकल अशी पळायची की माझ्यातून घूं घूं आवाज निघायचा. पोरं ओरडायची, "नाद खुळा! विमान आलं, विमान!" आबा ज्याला त्याला ऐकवायचे, "घरात केलंय, भावा. ह्या हातानं." कौतुक ऐकून मीही थोडी फुगले, खोटं कशाला बोलू? पण हँडलवरचे स्नेहलचे हात सैल पडत नव्हते. ते मला चाकातून कळायचं.

शर्यत गारगोटी रस्त्यावर होती, म्हणून स्नेहल तिथं सरावाला जायला लागली. ते दिवस ऊसतोडीचे. दोन्ही बाजूंना उभा ऊस असला की रस्ता कसा भिंतीआड असल्यासारखा. वारा वरून जातो, खाली चिडीचूप. पण मध्येच एखादं शिवार तुटलेलं असतं, आणि तिथं वारा मोकळा होऊन अंगावर धावून येतो. पहिल्या तुटलेल्या शिवारापाशी आम्ही पोचलो आणि माझ्यावर अशी थाप बसली की काय सांगू! चाक वळलं. स्नेहल किंचाळली. समोरून ट्रॅक्टरवरची गाणी मोठमोठी होत अंगावर येत होती, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. हॉर्न वाजला. तिनं जीव खाऊन हँडल ओढलं आणि ट्रॉली आमच्या शेजारून धडधडत गेली.

ती रस्त्याच्या कडेला बसली. बराच वेळ बसली. तिचा तळवा माझ्यावर टेकला होता, आणि तो गार पडला होता.

"आबास्नी कसं सांगू?" ती स्वतःशीच म्हणाली. "केवढ्या हौसेनं केलंय त्यांनी."

मला वाटलं, आज घरी गेल्यावर बोलेल. बोल गं बाई, एकदाची बोल! घरी पोचल्यावर आबांनी लांबूनच आरोळी दिली, "कशी पळतीया झूल?"

"लई भारी, आबा," स्नेहल म्हणाली.

मी तिथंच गार झाले.

त्यानंतर माझी झोप उडाली. ती रोज सरावाला जायची, आणि रोज कुठलं ना कुठलं शिवार तुटलेलं असायचं. काल जिथं भिंत होती तिथं आज उघडं रान. ती आता तुटलेलं शिवार आलं की वेग कमी करायची, हँडल आवळून पार व्हायची आणि पुढं परत जोर लावायची. सरावात हे चालून गेलं. शर्यतीत वेग कमी करून कसं चालेल? आणि कमी नाही केला तर? मी देवाला म्हणायचे, माझी एखादी पट्टी तुटू दे. मला उंदीर कुरतडू दे. त्या आबांच्या पट्ट्या, त्या कशाला तुटतात!

शर्यतीचा दिवस उजाडला. सकाळपासूनच वारं होतं. आबांनी सायकलपुढं नारळ फोडला, पाहुण्यारावळ्यांना गोळा केलं, आणि सगळ्यांना घेऊन ते पुढं रस्त्यावर जाऊन थांबले. कुठं थांबले माहीत आहे? आदल्याच दिवशी तुटलेल्या एका मोठ्या शिवारापाशी. का, तर तिथून लांबपर्यंत दिसतं! आपली लेक येताना सगळ्यांना नीट दिसावी म्हणून त्यांनी नेमकी वाऱ्याचीच जागा निवडली. त्यांना तरी काय ठाऊक? चाक त्यांनी पाहिलं ते ओट्यावर उभं असलेलं. वाऱ्यात पळताना कधी बघितलंच नव्हतं.

स्नेहलला सोडलं. उसाच्या भिंतीमधून आम्ही सुसाट निघालो. मला दिसत काहीच नव्हतं, पण आबांचा आवाज लांबून ओळखू आला. "आली, आली! झूल बगा, झूल!" त्या आवाजापुढं स्नेहलनं वेग कमी केला नाही. कशी करेल? सगळे बघत होते. ऊस संपला आणि वाऱ्यानं मला धरलं.

त्या वेळचं आठवलं की आजही माझ्या कडा थरथरतात. चाक एकदम वळलं. स्नेहलनं ओढून धरलं, वारा क्षणभर थांबला, आणि ओढलेलं हँडल उलट्या बाजूला गेलं. लगेच दुसरा झपाटा. आम्ही थेट रस्त्याच्या मधोमध. समोरून ट्रॉलीचा हॉर्न, बायकांच्या किंकाळ्या. ट्रॉलीतून लोंबणारे उसाचे लांब लांब शेंडे माझ्या अंगावरून सळसळत घासून गेले. मग खडी, माती, धाडकन आपटणं. सायकल कडेच्या मातीत आडवी झाली. स्नेहल शेजारी गुडघ्यावर पडली होती. ती जिवंत आहे हे मला तिच्या श्वासावरून कळलं.

आबा धावत आले. त्यांनी सायकलला हात घालायला वाकायचं आणि रस्त्यावर पंच म्हणून उभ्या असलेल्या धैर्यशील सरांनी ओरडायचं, एकच गाठ पडली.

"पावणं, हात लावू नका! सायकलीला हात लावला की पोरगी बाद हुतीया!"

आबा जागीच थांबले. "स्नेहल, लागलं काय गं? राहू दे. राहू दे ती शर्यत!"

"मला जायचंय, आबा," ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "पण ही नगं! मला भ्या वाटतंय हिचं! पहिल्या दिसापास्नं वाटतंय!"

मला वाटलं, आता आबा काहीतरी बोलणार. ते बोलले, आणि त्यांचा तो मोठा आवाज चिरका झाला होता. "मग फाड की! फाड ती, बाळा! हात लावता येत न्हाय मला, तूच फाड!"

तिनं माझ्या कडेखाली नखं घातली. पट्ट्या काही तुटेनात, मग तिनं मलाच ओढायला सुरुवात केली. मित्रांनो, फाटायला मी जन्मभर भ्याले होते. पण त्या वेळी मी मनात ओरडत होते, ओढ, आणखी ओढ! चिकटपट्टीच्या जागी मी उकलले. कट्कन मोडले. माझी डाव्या अंगाची बहीणही निघाली. स्नेहलनं आम्हाला शिवारात भिरकावलं, सायकल उभी केली आणि निघाली. मी छापील अंग वर करून उसाच्या खोडक्यांत पडले होते. कितीतरी दिवसांनी मला उजेड दिसला. पाठमोरी स्नेहल लांब लांब जाताना दिसली, पुढचं चाक उघडं आणि हात सैल.

तिचा नंबर तिसरा आला. शिबिराला दोघीच गेल्या. मातीत गेलेला तो वेळ नसता तर कदाचित ती गेली असती. लोक हळहळले. कुणीतरी आबांना टोमणाही मारला, "झूल अर्ध्यातच उतरली व्हय?" एरवी आबांनी त्याला उभा-आडवा झोडपला असता. त्या दिवशी ते तसेच माघारी वळले. शिवारात उतरून त्यांनी माझे तुकडे गोळा केले आणि मोटारसायकलवर दुधाच्या किटलीला बांधून घरी आणले.

संध्याकाळी धारेच्या वेळी स्नेहल गोठ्यात आली. गुडघ्याला पट्टी होती. आबा म्हशीखाली बसलेले, तोंड तिकडं. ती घाबरत म्हणाली, "आबा, रागावलासा काय? तुमी केल्यालं मोडलं म्या."

धार काढायची थांबली. "पहिल्या दिसापास्नं वाटत हुतं, व्हय?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलली हुती की एकदा. मग तुमचा हात बगितला, एवढं कापल्यालं. जीव झाला न्हाय."

आबा वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "आगं, बोर्ड चौकात ढिगानं पडल्यात. धा येळा करंन. तुला कुठनं आणू मी?"

मग तो डोंगरासारखा माणूस म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. "मी ऐकाय पायजे हुतं," एवढंच परत परत म्हणत होता. स्नेहल त्यांच्या शेजारी शेणातच बसली. म्हैस शहाणी, ती हलली नाही.

आता माझे दोन्ही तुकडे गोठ्याच्या खिडकीला ठोकलेत. रेडकाला गार वारा लागू नये म्हणून. रेडकू मला चाटतं, आणि अजूनही मला भीती वाटते, एखाद्या दिवशी खाऊनच टाकेल. स्नेहल पुढच्या निवडीच्या तयारीला लागली आहे. मागच्या चाकाची झूल तीच आहे. पुढचं चाक उघडं. परवा आबा तिला विचारत होते, "मागच्याचं काय वाटतंय? खरं सांग, लाजू नगंस." आणि ती सांगत होती, ते ऐकत होते.

मित्रांनो, माझ्यासारखी चकती तुम्ही घरी जरूर करा, पण मागच्याच चाकाला लावा. पुढचं चाक उघडं ठेवा, वारा त्याच्यातून जाऊ द्या. आणि एक विनंती. आपल्या माणसानं मनापासून काही करून दिलं आणि त्याची तुम्हाला भीती वाटली, तर त्याचं मन मोडेल म्हणून गप्प बसू नका. पहिल्याच दिवशी सांगा. एकदा सांगून ऐकलं नाही तर परत सांगा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही इथं असाल तर ऐका. पोरगं बोलायला तोंड उघडून मिटतंय असं दिसलं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि विचारा त्याला.